७४ सामने, एक अंगठा आणि थोडं गणित

नांदेडच्या एका ताईंनी विचारलंय: "माझा मुलगा अकरावीत आहे. अमेरिकेतल्या 'जेपर्डी' नावाच्या क्विझचे जुने भाग तो तासन्‌तास बघतो. त्यात केन जेनिंग्ज नावाचा कोणी म्हणे सलग ७४ वेळा जिंकला. मला तर हे ठरवून केलेलं वाटतं. आणि खरं असेल, तर एका माणसाच्या एवढं लक्षात राहतं कसं? मुलासाठी जीकेची कुठली पुस्तकं आणू?"

ताई, मी २६ वर्षं क्विझ घेतोय, त्याआधी कॉलेजात खेळायचो. प्रश्न काढणं हा माझा अर्धा धंदा आणि पूर्ण व्यसन. पुस्तकांचं शेवटी सांगतो. कारण 'एवढं लक्षात कसं राहतं' यापेक्षा अवघड प्रश्न त्या ७४ आकड्यात दडलाय. जेपर्डीच्या मंचावर जो पोहोचतो तो परीक्षा देऊन, निवड होऊन आलेला असतो. तिथे ढ कोणीच नसतं. मग जवळजवळ सारखंच येणाऱ्या तिघांतला एकच माणूस रोज कसा जिंकतो? मुलाला कामाला येईल ते याच्या उत्तरात आहे.

आधी शंकेचं बघू. ती अजिबात वेडगळ नाही, कारण असं पूर्वी झालंय. १९५६-५७ मध्ये अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाच्या क्विझमध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा, सुसंस्कृत प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत होता आणि अख्खा देश टीव्हीसमोर बसत होता. त्याला उत्तरं आधीच दिली जात होती. त्याच्याआधीचा विजेता हर्ब स्टेम्पेल याला तर हरायचं कधी, हेही सांगितलेलं होतं. १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने संसदेच्या समितीसमोर कबुली दिली आणि १९६० मध्ये कायदाच झाला: टीव्हीवरची ज्ञानस्पर्धा आधी ठरवून खेळवणं हा गुन्हा. क्विझ या प्रकाराचंच नाव खराब झालं होतं. मर्व्ह ग्रिफिन हा निर्माता त्या काळात नवा खेळ शोधत होता. त्याची बायको ज्युलॅन म्हणाली, स्पर्धकांना उत्तरंच देऊन टाक ना. म्हणजे समोरून '५,२८०' असं यायचं आणि स्पर्धकाने म्हणायचं, 'एका मैलात किती फूट?' त्या गमतीतून १९६४ मध्ये जेपर्डी सुरू झालं. आजही स्पर्धक उत्तर प्रश्नाच्या रूपातच देतात. तेव्हा शंका घ्या, पण जेनिंग्जला त्यातून सोडा. त्याचे सामने मी प्रश्न काढणाऱ्याच्या नजरेने पाहिलेत आणि त्यांचा उलगडा नियमांतूनच होतो.

तर नियम. तीन स्पर्धक. दोन फेऱ्या, प्रत्येकीत सहा विषय, प्रत्येक विषयात पाच क्लू (क्लू म्हणजे समोर येणारं ते 'उत्तर', ज्याचा प्रश्न ओळखायचा), म्हणजे एकूण ६०. शेवटी एक 'फायनल' क्लू, त्यावर आपल्या रकमेतलं हवं तेवढं पणाला लावायचं. चुकलात की क्लूची किंमत वजा. जिंकलात की पुढच्या भागात पुन्हा उभं राहायचं. आणि इथेच पहिली मेख आहे: २००३ पर्यंत पाच सामने जिंकले की विजेत्याला नारळ मिळायचा. ब्रॅड रटर हा माझ्या मते या खेळातला सर्वांत धारदार खेळाडू. तो २००० साली आला, पाच जिंकला आणि नियमाप्रमाणे घरी गेला. नंतरच्या विशेष स्पर्धांत त्याने ४० लाख डॉलरहून जास्त कमावले, पण सलग विजयांच्या यादीत त्याच्या नावापुढे पाचच. २००१ च्या शेवटी क्लूच्या किमती दुप्पट झाल्या होत्या, २००३ मध्ये पाचाची मर्यादा गेली, आणि २००४ च्या जूनमध्ये सॉल्ट लेक सिटीचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर मंचावर आला. दार नुकतंच उघडलं होतं आणि दारात हा उभा. त्याच्या कर्तृत्वाला यामुळे कमीपणा येत नाही. पण विक्रम कुणाच्या नावावर लागतो, यात नियमावलीचा वाटा केवढा असतो, ते मुलाला आत्ताच कळलेलं बरं.

आता बझर, म्हणजे उत्तर द्यायचा हक्क आधी मिळावा म्हणून दाबायचं हातातलं बटण. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरी बसून बघणाऱ्याला हा भाग दिसतच नाही.

होस्ट क्लू वाचत असताना तिघांच्याही समोर तो लिहिलेला असतो. वाचणाऱ्यापेक्षा डोळे वेगाने धावतात, त्यामुळे वाचन संपेपर्यंत उत्तर डोक्यात आलेलं तरी असतं किंवा येणारच नसतं. वाचून संपलं की बाजूला बसलेला कर्मचारी एक स्विच दाबतो, बोर्डाच्या कडेचे दिवे लागतात आणि बझर चालू होतात. त्याआधी दाबलं तर तुमचा बझर पाव सेकंद बंद. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तेवढ्यात शेजारचा उत्तर देऊन मोकळा होतो. दिवा दिसल्यावर दाबतो म्हणणाऱ्याचंही अवघडच असतं, कारण डोळ्याने पाहून अंगठा हलायला साधारण पाव सेकंद जातोच. जो दिवा लागण्याचा क्षण आधीच ओळखतो, तो पुढे. जेनिंग्ज होस्ट अ‍ॅलेक्स ट्रेबेकच्या आवाजाची लय पकडायचा. तबल्याची साथ ऐकताना सम कुठे येणार हे आपल्याला आधी कळतं ना, तसंच. समेवर दाद द्यायची, तर तबलजीच्या हाताकडे बघत बसून जमत नाही.

आता यात भर घाला: जेपर्डीचे पाच भाग एका दिवसात चित्रित होतात. विजेता मधल्या वेळात कपडे बदलतो आणि दुसऱ्या दिवसाचा आव आणून पुन्हा उभा राहतो. समोरचे दोघे मात्र प्रत्येक भागात नवे. दिव्यांना, कॅमेऱ्याला, त्या बझरला बुजलेले. त्यात शेजारी असा माणूस की ज्याच्याबद्दल मघाशी खोलीत कुजबूज चालू होती. विसाव्या सामन्यापर्यंत जेनिंग्जचा अंगठा त्या स्विच दाबणाऱ्या माणसाच्या बोटाशी जुळलेला होता. विजेता जितका जिंकतो तितकी त्याची जिंकण्याची शक्यता वाढते, असा हा विचित्र खेळ आहे. क्रिकेटमध्ये सेट झालेला बॅट्समन म्हणतो आपण, पण तिथे निदान समोरचे बॉलर दर ओव्हरला नवशिके नसतात.

मला हे स्वतःच्या खिशातून शिकावं लागलं. १९९७ मध्ये कॉलेजच्या एका आंतरमहाविद्यालयीन अंतिम फेरीत आमचा संघ तिसरा आला. बझर फेरीत १५ प्रश्न होते. बाहेर आल्यावर मी शपथेवर सांगत होतो की मला त्यातले ११ येत होते, आणि खरंच येत होते. मिळाले चार. माझ्या मित्राने शांतपणे विचारलं, "उरलेले सात ज्यांनी दिले त्यांना काय तुझ्यापेक्षा जास्त येतं?" नव्हतंच येत. पुढचे सहा महिने मी टिकटिक वाजणारं बॉलपेन हातात घेऊन रेडिओवरच्या बातम्या ऐकायचो आणि निवेदकाचं वाक्य संपता संपता टिक करायचो. वडील वैतागायचे. पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. त्या वर्षात मी नवं फारसं काही वाचलं नव्हतं.

बझरचं महत्त्व कोणाला पटत नसेल तर २०११ चा फेब्रुवारी आठवावा. आयबीएमचा वॉटसन हा संगणक जेनिंग्ज आणि रटर या दोघांविरुद्ध जेपर्डी खेळला. शेवटी वॉटसन ७७,१४७, जेनिंग्ज २४,००० आणि रटर २१,६०० डॉलर. वर्तमानपत्रांनी लिहिलं की यंत्राला माणसापेक्षा जास्त येतं. पण बझर चालू झाल्याचा इशारा वॉटसनला थेट विजेच्या तारेतून मिळायचा आणि त्याचा यांत्रिक अंगठा काही मिलिसेकंदांत दाबायचा. ज्यांचा अंगठा सगळ्यांत तयार, तेच दोघे त्या दिवशी नुसते उभे राहिलेले दिसतात. आणि याच वॉटसनने अमेरिकी शहराबद्दलच्या फायनल क्लूला 'टोरोंटो' असं उत्तर दिलं होतं!

मग पैशाचं गणित. जेनिंग्जने ७४ सामन्यांत २५,२०,७०० डॉलर कमावले, म्हणजे सामन्यामागे सुमारे ३४,०००. या रकमेच्या जवळपास कोणी पोहोचेल असं पंधरा वर्षं कोणाला वाटलं नव्हतं. २०१९ मध्ये लास व्हेगासचा जेम्स होल्झाउअर आला. हा पेशाने खेळांवर पैज लावणारा जुगारी. त्याने ३२ सामन्यांत २४,६२,२१६ डॉलर उचलले. सामन्यामागे जवळजवळ ७७,०००! गंमत बघा, त्याआधी एका सामन्यातला सर्वोच्च विक्रमच ७७,००० होता, २०१० मध्ये रॉजर क्रेगने केलेला. म्हणजे दुसऱ्याचा विक्रम ही याची सरासरी. त्याच्या सर्वोच्च सामन्यात तर १,३१,१२७ डॉलर होते.

त्याला जेनिंग्जच्या दुपटीहून जास्त येत होतं का? छे. त्याने फक्त खेळाची दिशा उलटी केली. बहुतेक जण विषयातला सर्वांत स्वस्त क्लू आधी घेतात आणि पायरी पायरी खाली उतरतात. होल्झाउअर तळापासून, सर्वांत महाग क्लूपासून सुरू करायचा. हेतू दोन. एक तर हातात पटकन मोठी रक्कम जमते. दुसरं, बोर्डावर तीन क्लूंच्या मागे 'डेली डबल' लपलेला असतो. पहिल्या फेरीत एक, दुसरीत दोन. तो ज्याला सापडतो तो एकटाच उत्तर देतो, बझरची मारामारी नाही, आणि हातातली सगळी रक्कम लावू शकतो. हे डेली डबल बहुधा खालच्या महाग ओळींत असतात. म्हणजे आधी पिशवी भरायची आणि मग पिशवी दुप्पट करणारा क्लू शोधायचा. उलट क्रमाने केलंत तर रिकाम्या पिशवीची दुप्पट रिकामीच.

आकड्यांत बघा. समजा हातात १२,००० आहेत, डेली डबल लागला आणि तुम्हाला असे क्लू दहातले नऊ येतात. साधा माणूस घाबरून २,००० लावतो. सरासरीने त्याचे होतात १३,६००. होल्झाउअर सगळे लावतो: दहातल्या नऊ वेळा २४,०००, एकदा शून्य, सरासरी २१,६००. एकाच क्लूवर आठ हजारांचा फरक. आणि पहिल्या फेरीत शून्य झालं तरी पुढे चाळीस-पन्नास क्लू शिल्लक आहेतच. पण हे गणित 'दहातले नऊ' यावर उभं आहे. ज्याला दहातले सहा-सात येतात, त्याने हीच नक्कल केली तर तिसऱ्या दिवशी घरी. होल्झाउअरनंतर डाव अंगावर घेणारे बरेच आले. त्यांतले थोडेच टिकले.

या माणसाची मला सर्वांत आवडणारी खेळी मात्र तो हरला त्या सामन्यातली आहे. ३ जून २०१९ ला दाखवलेला भाग. फायनलच्या आधी एमा बेचरकडे २६,६००, होल्झाउअरकडे २३,४०० आणि तिसऱ्या स्पर्धकाकडे ११,०००. फायनलमध्ये होल्झाउअरने लावले फक्त १,३९९. नेहमी हजारोंनी लावणारा माणूस एवढेच लावतो? लोक म्हणाले, मुद्दाम हरला, कंटाळला असेल, वरून आदेश असेल. तुमच्यासारख्याच शंका, ताई! पण पेन्सिल घेऊन बसा. एमा पुढे आहे, म्हणजे ती होल्झाउअरच्या दुपटीवर, ४६,८०० वर, एक डॉलर राहील एवढं लावणार: २०,२०१. तिने बरोबर दिलं तर होल्झाउअरने सगळे लावले तरी तो हरतोच. ती चुकली तर ती ६,३९९ वर येते. म्हणजे होल्झाउअर जिंकू शकतो तो फक्त ती चुकल्यावर, आणि तेव्हा त्याला धोका उरतो तो तिसऱ्याचा, जो जास्तीत जास्त २२,००० वर जाऊ शकतो. २३,४०० मधून १,३९९ वजा करा: २२,००१. म्हणजे स्वतःचं उत्तर चुकलं तरी एमाच्या चुकीवर तो जिंकलेलाच होता. यापेक्षा चोख डाव लावता आला नसता. एमाने बरोबर उत्तर दिलं, नेमके २०,२०१ लावले होते, आणि संपलं. तिने पदव्युत्तर अभ्यासात जेपर्डीचे क्लू किती अवघड आहेत हे आधी ओळखता येतं का, यावर निबंध लिहिला होता. अशी माणसं समोर येतात तिथे.

जेनिंग्जचा शेवटही असाच एका डॉलरचा. ३० नोव्हेंबर २००४. फायनलच्या आधी त्याच्याकडे १४,४००, नॅन्सी झर्गकडे १०,०००. एरवी बहुतेक सामन्यांत तो फायनलआधीच दुसऱ्याच्या दुपटीपुढे असायचा, त्यामुळे फायनल चुकली तरी चालायची. त्या दिवशी तसं नव्हतं, कारण दोन डेली डबल चुकले होते. क्लूचा आशय असा: या कंपनीचे ७०,००० हंगामी पांढरपेशे कर्मचारी वर्षातले चारच महिने काम करतात. जेनिंग्जने लिहिलं 'फेडेक्स'. हंगामी म्हटल्यावर त्याच्या डोक्यात नाताळच्या पार्सलांची गर्दी आली. बरोबर उत्तर 'एच अँड आर ब्लॉक', लोकांचे आयकराचे कागद भरून देणारी कंपनी. झर्गने ते दिलं, ४,४०१ लावले होते, आणि १४,४०१ वर पोहोचली. जेनिंग्जची मूळ रक्कम अधिक एक.

प्रश्न काढणारा म्हणून मला या क्लूचं कौतुक वाटतं. 'पांढरपेशे' हा शब्द उगाच घातलेला नाही; तो पार्सल उचलणाऱ्यांना बाद करण्यासाठीच आहे. 'चार महिने' हाही. नाताळची गर्दी चार महिने टिकत नाही, पण जानेवारी ते १५ एप्रिल हा अमेरिकेतला विवरणपत्रांचा हंगाम असतो. चांगल्या प्रश्नात प्रत्येक शब्द भाडं भरून राहतो. आम्ही पोरांना सांगतो, उत्तर सुचलं की ते परत प्रश्नावर ठेवून बघा, कुठला शब्द बाहेर लोंबकळतोय का. फेडेक्स ठेवलं की 'पांढरपेशे' लोंबकळतो. तीस सेकंद होते जेनिंग्जकडे, आणि ७५ सामन्यांचा थकवाही.

नशिबाचं काय? आहे तर. जेनिंग्जच्या पहिल्याच सामन्यात फायनलचं उत्तर धावपटू मॅरियन जोन्स असं होतं. त्याने नुसतं 'जोन्स' लिहिलं. जोन्स म्हणजे आपल्याकडच्या पाटलांइतकं सर्रास आडनाव! परीक्षकांनी ग्राह्य धरलं. धरलं नसतं तर तो पहिल्याच दिवशी हरला असता आणि तुमच्या मुलाला हे नावही माहीत नसतं.

आता ते 'लक्षात कसं राहतं'. फोटोसारखी स्मरणशक्ती असलेला क्विझर मला २६ वर्षांत भेटलेला नाही. भेटतात ते चौकस लोक. जेनिंग्जचं बालपण बरंचसं दक्षिण कोरियात गेलं आणि तिथल्या अमेरिकी लष्करी वाहिनीवर तो जेपर्डी बघायचा, म्हणजे तयारी वीस-पंचवीस वर्षांची. होल्झाउअर ग्रंथालयात जाऊन लहान मुलांची पुस्तकं वाचायचा. लोक हसतात, पण यात मोठी अक्कल आहे. मुलांच्या पुस्तकात चित्रं असतात, मुद्दा एका पानात असतो, आणि लेखकाला वाचक पळून जाईल अशी भीती असते, म्हणून तो सगळ्यात रंजक तेच सांगतो. क्विझमध्ये नेमकं तेच विचारतात. रॉजर क्रेगने तर जुन्या हजारो क्लूंचा संगणकावर अभ्यास करून कुठल्या विषयावर किती वेळ घालवायचा, हे ठरवलं होतं.

जीकेच्या पुस्तकांशी माझं भांडण इथेच आहे. 'भारतातील सर्वांत मोठे', 'जगातील पहिले' अशा याद्या पाठ केल्या की प्रत्येक माहिती एकटी खिळ्यावर टांगलेली राहते. खिळा निघाला की पडली. मी पोरांना उलट काम देतो: एक वस्तू घ्या आणि तिला पाच दोरे बांधा. उदाहरणार्थ लोणार. बुलढाणा जिल्हा. उल्केच्या आघाताने झालेलं विवर. तेही बेसॉल्टमध्ये, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे इथे येतात. पाणी खारट आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव. आता प्रश्न भूगोलातून येवो, खगोलातून, जीवशास्त्रातून किंवा पर्यावरण करारांतून, हात कुठल्या तरी दोऱ्याला लागतोच. आणि रामसर म्हणजे काय, हे बघायला गेला की इराणमधलं गाव सापडतं, १९७१ सापडतं, तिथून पुढचा दोरा.

हे सगळं तुमच्या मुलाला किती लागू पडेल, ते तो कुठे खेळणार यावर आहे. जेपर्डी तो खेळणार नाही, निदान आत्ता. आपल्याकडच्या कॉलेज क्विझमध्ये बझर कमी, 'पाउन्स' आणि 'बाउन्स' जास्त. प्रश्न एका संघाला जातो, नाही आला की पुढच्याला, हा बाउन्स. आपली पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर लिहून दिलं तर पाउन्स: बरोबर आलं तर अधिक १०, चुकलं तर बहुतेक ठिकाणी वजा ५, कुठे वजा १०. इथे अंगठ्याला काम नाही, पण होल्झाउअरचं गणित जसंच्या तसं आहे. वजा ५ असेल तर तीनात एकदा बरोबर येईल असं वाटलं तरी पाउन्स परवडतो. वजा १० असेल तर निम्म्याहून जास्त खात्री हवी. मोठमोठे संघ हे न मोजता अंदाजाने खेळतात आणि हरल्यावर प्रश्नांना नावं ठेवतात.

कौन बनेगा करोडपती हा आणखी तिसराच प्राणी. हॉट सीटवर बसल्यावर समोर प्रतिस्पर्धी नाही, बझरची घाई नाही, हव्या त्या क्षणी उठता येतं. २००० मध्ये पहिला करोडपती झालेला हर्षवर्धन नवाथे तेव्हा प्रशासकीय सेवेच्या परीक्षांचा अभ्यास करत होता. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या हंगामात ५० लाख हातात असताना एक कोटीचा प्रश्न चुकला तर स्पर्धक थेट ३ लाख २० हजारांवर यायचा. सरासरी काढली तर साधारण ४८ टक्के खात्री असली तरी खेळावं असं उत्तर येतं. पण मी कोणाला तो सल्ला देणार नाही. सरासरी लागू पडायला खेळ पुन्हा पुन्हा खेळावा लागतो. होल्झाउअरसमोर डेली डबल डझनावारी वेळा आला. हॉट सीट आयुष्यात एकदा. ज्या घरात ५० लाखांनी कर्ज फिटतं, तिथे दुसरे ५० लाख पहिल्याइतके मोठे नसतात.

भाषेचाही प्रश्न आहे. तुमचा मुलगा मराठी माध्यमातला असेल तर जेपर्डीचे क्लू बघून निराश होऊ देऊ नका. ४० सामने सलग जिंकलेली एमी श्नायडर २०२२ च्या जानेवारीत हरली ती या क्लूवर: इंग्रजी नाव 'एच' या अक्षराने संपणारा जगातला एकमेव देश, लोकसंख्येत पहिल्या दहांतला. उत्तर बांगलादेश. तिने पाटी कोरी ठेवली. मी तो क्लू एकदा मराठी शाळेतल्या क्विझसाठी आणायचा प्रयत्न केला आणि लगेच सोडला, कारण देवनागरीत तो मरतो. प्रश्न त्या त्या भाषेच्या मातीत उगवतात. आपल्याकडचे प्रश्न आपल्याकडच्या वाचनातूनच येतील.

तेव्हा पुस्तकं आणायचीच असतील तर गावातल्या ग्रंथालयाच्या बालविभागातून आणा, लाज न बाळगता. एक जाड वही द्या, डाव्या पानावर वस्तू, उजव्या पानावर तिचे पाच दोरे. रोज एक पुरे. जेपर्डी बघू दे, पण बॉलपेन हातात घेऊन, होस्टचं वाक्य संपता संपता टिक करत. आणि प्रत्येक क्लूला तीन खुणा करायला सांगा: येत होतं आणि वेळेत टिक केलं, येत होतं पण उशीर झाला, येतच नव्हतं. महिन्याभराने मधल्या रकान्याची बेरीज करा. ती मोठी असेल तर नवी पुस्तकं तूर्तास थांबवा. तिसरा रकाना मोठा असेल तर वही वाढवा. फायनलच्या आधी टीव्ही थांबवून तिघांच्या रकमा कागदावर लिहायला लावा आणि कोणी किती लावावेत हे ठरवू दे. दहावीच्या गणिताएवढंही नाही ते, पण पोरं यात रमतात.

तो कुठल्या स्पर्धेत उतरतोय आणि तिथे चुकीला किती गुण वजा होतात, ते कळवलंत तर पाउन्स कधी करायचा याचा छोटा तक्ता करून देतो. आणि त्याचे वडील टिकटिकीला वैतागले तर माझ्या वडिलांचा किस्सा सांगा.